अंगणातला म्हातारा राखणदार

दिवेलागणीची वेळ. घरधनी शेतावरून परत येत आहे. गेली बारा वर्षे ज्या कुत्र्याने त्याच्या पावलांचा आवाज दुरूनच ओळखला, धावत जाऊन त्याला वाटेत गाठले आणि शेपटी हालवीत घरापर्यंत सोबत केली, तो आज पडवीच्या कोपऱ्यात निजलेलाच आहे. धनी अगदी जवळ येऊन उभा राहतो तेव्हा कोठे तो मान वर करतो. उठावयास त्याला वेळ लागतो; मागचे पाय लटपटतात; मग ओशाळल्यासारखा पुढे येऊन तो हात चाटतो. आतून गृहिणी म्हणते, “म्हातारा झाला हो तो आता!” आणि विषय तेथेच संपतो.

वाचकहो, हे वाक्य आपण सर्वांनीच कधी ना कधी उच्चारलेले आहे. त्यात माया आहे, कीवही आहे. परंतु याच एका वाक्याने आपल्या दारातील कितीतरी मुक्या जीवांचे बरे होण्याजोगे दुखणे वेळेवर ओळखले जात नाही. वार्धक्य ही जीवनाची एक अवस्था आहे. तो रोग नव्हे. वार्धक्यात रोग होतात, ही गोष्ट वेगळी. त्यांपैकी काही पूर्ण बरे होतात, काही आटोक्यात राहतात, आणि जे बरे होत नाहीत त्यांच्या वेदना तरी कमी करता येतात. मात्र त्यासाठी कोणीतरी पाहणारा हवा. कुत्र्याला बोलता येत नाही. काल आणि आज यांत त्याच्यात काय पालटले, हे ज्याला दिसते त्यानेच त्याच्या वतीने बोलावयाचे असते.

आपण सोयीसाठी या कुत्र्याला मोत्या म्हणू आणि त्याच्या निमित्ताने म्हाताऱ्या कुत्र्याची लक्षणे व त्यांचे पालटणारे अर्थ समजून घेऊ.

वयाचा हिशेब

कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात वर्षे, हा हिशेब फार प्रचलित आहे. पण तो बरोबर नाही. कुत्रा पहिल्या दोन वर्षांत झपाट्याने वयात येतो आणि नंतर त्याचा वेग मंदावतो. शिवाय धिप्पाड जातीची कुत्री सहा-सात वर्षांतच प्रौढपणाकडे झुकतात, तर लहान चणीची कुत्री दहाव्या वर्षीही तरतरीत असतात. ऑस्ट्रेलियातील ब्ल्यूई नावाची गुरे राखणारी कुत्री २९ वर्षे ५ महिने जगून १९३९ साली मरण पावली, अशी नोंद आहे. अर्थात हा अपवादच होय. आपल्या खेड्यातले गावठी कुत्रे नीट सांभाळले तर दहा ते चौदा वर्षे सहज सोबत करते. म्हणून आठव्या वर्षापासूनच त्याच्याकडे जरा अधिक लक्ष देऊन पाहण्याची सवय लावून घ्यावी.

काही बदल तर वयाबरोबर येणारच. मुस्कटावरचे केस पांढरे होतात. डोळ्यांत निळसर-राखी झाक येते. ती पाहून मोतीबिंदू झाला असे लोक समजतात. परंतु बहुधा ते डोळ्यातील भिंग वयोमानाने घट्ट झाल्याचे चिन्ह असते आणि त्याने दृष्टी फारशी जात नाही. खरा मोतीबिंदू दुधासारखा पांढरा दिसतो आणि कुत्रा दारास, बादलीस अडखळू लागतो. कानांचेही तसेच. बारीक, उंच स्वर प्रथम ऐकू येईनासे होतात. म्हणून शीळ घातली तर मोत्या उठत नाही, पण दार धाडकन लागले तर दचकतो. त्याने हाक ऐकली नाही म्हणून त्याच्यावर रागावणे हा अन्यायच होय.

हे बदल हळूहळू, वर्षानुवर्षे होत असतात. जो बदल आठवड्यात किंवा महिन्यात दिसून येतो, तो वयाचा नव्हे. तेथे शोध घ्यावयास हवा.

एक तहान, चार वाटा

समजा, मोत्या अलीकडे पाणी फार पितो. अंगणातले भांडे दुपारीच रिकामे होते, मग तो गोठ्यातील घमेल्याकडे वळतो. पूर्वी कधी न करणारा तो आता रात्री पडवीतच लघवी करतो. गृहिणी चिडते आणि संध्याकाळनंतर त्याचे पाण्याचे भांडे उचलून ठेवते. हेतू स्वच्छतेचा, परंतु परिणाम घातक होऊ शकतो. कारण अशा कुत्र्याच्या शरीरातून पाणी थांबविता न येण्यासारखे वाहून जात असते. तो पितो म्हणून लघवी होते असे नव्हे. लघवी होते म्हणून तो पितो. पाणी तोडले तर तो सुकतो.

प्रथम मोजून पाहावे. इतर सर्व भांडी झाकून एकाच भांड्यात मापाने पाणी ओतावे आणि चोवीस तासांनी उरलेले मोजावे. वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला १०० मिलिलिटरहून अधिक पाणी तो पीत असेल, म्हणजे १५ किलोचा कुत्रा दीड लिटरच्या वर जात असेल, तर ते निश्चितच रोगाचे लक्षण समजावे.

परंतु कोणत्या रोगाचे? येथेच इतर लक्षणे पाहावी लागतात.

तहान वाढली, भूकही वाढली आणि तरीही कुत्रा रोडावत चालला. त्याच्या लघवीवर मुंग्या जमू लागल्या, तर मधुमेहाचा संशय घ्यावा. अशा कुत्र्यास काही महिन्यांतच खरा मोतीबिंदू होण्याचा संभव असतो. इन्सुलिनचे इंजेक्शन नियमित दिले तर तो पुष्कळ काळ सुखाने जगतो.

तहान वाढली, भूक वाढली, पण पोट माठासारखे लोंबू लागले, अंगावरचे केस दोन्ही बाजूंनी विरळ झाले, कातडी पातळ झाली, विश्रांतीतही धाप लागू लागली, तर मूत्रपिंडाजवळच्या अधिवृक्क ग्रंथींचा स्राव प्रमाणाबाहेर वाढलेला असू शकतो. माणसातील या रोगाचे वर्णन हार्वी कुशिंग या अमेरिकन शल्यविशारदाने १९३२ साली केले, म्हणून त्यास त्याचेच नाव मिळाले आहे. “खातोपितो, पोटही सुटले आहे, म्हणजे प्रकृती चांगली,” असे म्हणून याच रोगाकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते.

तहान वाढली, पण भूक मात्र मंदावली. तोंडास उग्र दर्प येऊ लागला, सकाळी उलटी होऊ लागली, अंगावरचे मांस झडले, तर मूत्रपिंडे दुर्बळ झाली असावीत. या अवयवाचा राखीव साठा मोठा असतो. सुमारे दोन तृतीयांश भाग निकामी होईपर्यंत बाहेर काही दिसत नाही. म्हणजे पहिले लक्षण दिसते तेव्हाच पुष्कळसा उशीर झालेला असतो. गेलेला भाग परत येत नाही. परंतु उरलेला पथ्याने व औषधाने जपता येतो. स्वच्छ पाणी सदैव पुढे असावे; खारवलेले मासे व हाडे बंद करावीत; आहार किती व कोणता हे पशुवैद्याकडून ठरवून घ्यावे.

आणि चौथी वाट कुत्रीची. नसबंदी न केलेली प्रौढ कुत्री माजावर येऊन गेल्यावर चार ते आठ आठवड्यांनी एकाएकी पाणी फार पिऊ लागली, खाईनाशी झाली, उलट्या करू लागली, तर तिच्या गर्भाशयात पू साठला आहे की काय हे त्याच दिवशी पाहून घ्यावे. कधी तो पू बाहेर वाहतो व ध्यानात येतो. कधी मुख बंद राहून आतल्या आत साठतो, पोट फुगते आणि विष रक्तात भिनते. ही दुसरी स्थिती अधिक भयंकर होय. अशा वेळी सहसा शस्त्रक्रियेवाचून उपाय नसतो, आणि एका रात्रीचा विलंबही प्राणावर बेततो. वयात येताच केलेली नसबंदी या संकटाची भीतीच नाहीशी करते.

पाहा, लक्षण एकच, तहान. पण तिच्याबरोबर भूक, पोट, वजन यांचे काय झाले यावर सर्व काही अवलंबून आहे.

खोकला आणि श्वास

म्हाताऱ्या कुत्र्याचा खोकला पुष्कळदा घशात काही अडकल्यासारखा वाटतो. सुरुवातीस तो केवळ उत्साहाच्या भरात येतो. पुढे रात्री, आडवे पडल्यावर येऊ लागतो. तो ज्या दिवशी दिवसाकडून रात्रीकडे सरकला, त्या दिवशी सावध व्हावे. हृदयाची झडप झिजून रक्त मागे झिरपू लागले की हृदय मोठे होते आणि अखेर फुप्फुसात पाणी उतरते. लहान जातीच्या कुत्र्यांत हा विकार फार आढळतो.

यासाठी घरच्या घरी करण्याजोगी एक उत्तम परीक्षा आहे, आणि तिला पैसा लागत नाही. कुत्रा गाढ झोपला असता घड्याळ पुढे ठेवून एका मिनिटात त्याची छाती किती वेळा वर-खाली होते ते मोजावे. निरोगी कुत्र्याचे श्वास झोपेत मिनिटास तिसाच्या आत असतात. चार-पाच रात्री मोजून आकडा तिसाच्या वरच राहिला, किंवा एकाएकी वाढला, तर पशुवैद्याकडे जावे. पिमोबेंडान नावाच्या औषधाची मोठी परीक्षा २०१६ साली प्रसिद्ध झाली. झडपेच्या विकाराने हृदय वाढलेल्या, परंतु अद्याप धाप न लागलेल्या कुत्र्यांत हे औषध दिल्याने हृदय थकण्याची वेळ सुमारे पंधरा महिन्यांनी लांबते, असे तीत दिसून आले. कुत्र्याच्या आयुष्यात पंधरा महिने म्हणजे थोडा काळ नव्हे.

खोकला नसताना धाप लागत असेल आणि हिरड्या गुलाबीऐवजी पांढऱ्या फटक दिसत असतील, तर गोचीडतापाचा विचार करावा. गोचिडी चावल्याने जे जंतू रक्तात शिरतात, ते रक्तपेशींचा नाश करतात. ताप, नाकातून रक्त येणे, लघवी गडद होणे ही त्याची चिन्हे. हा रोग तरुण-म्हातारा पाहत नाही. पण म्हाताऱ्याची ग्लानी वयावर ढकलली जाते आणि उपचार राहून जातो. ओठ उचलून हिरड्या पाहण्यास अर्धे मिनिट लागते. आठवड्यातून एकदा ते अवश्य करावे.

ओठ उचलला म्हणजे दातही पाहावेत. तोंडास घाण येणे हे म्हातारपणाचे लक्षण मानले जाते. बहुधा ते किडलेल्या दातांचे व सुजलेल्या हिरड्यांचे असते. भाकरीचा तुकडा तोंडात घेऊन खाली टाकणारा कुत्रा हट्टी नसतो. त्याचे दात दुखत असतात. डोळ्याखाली गालावर एकाएकी सूज आली तर वरच्या मोठ्या दाढेच्या मुळाशी पू झालेला असू शकतो.

उठताना होणारी वेदना

सकाळी उठताना मोत्या ताठतो, चार पावले चालल्यावर मोकळा होतो. थंडी-पावसात जास्त त्रास, उन्हात कमी. ही संधिवाताची रीत. कुत्रा वेदनेने क्वचितच ओरडतो. तो पायरी टाळतो, ओट्यावर उडी मारण्यापूर्वी थबकतो, एकच सांधा सारखा चाटतो. वेदना सांगण्याची त्याची हीच भाषा आहे.

याबाबत एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. आपल्या डब्यातील अंगदुखीची गोळी त्यास देऊ नये. आयबुप्रोफेन व डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या जठरास जखमा होतात आणि मूत्रपिंडे निकामी होतात. पॅरासिटामॉल त्याच्या यकृताचा घात करू शकते. कुत्र्यांसाठी वेगळी वेदनाशामक औषधे असतात आणि ती वजनाच्या मापाने, रक्त तपासून द्यावयाची असतात. घरातले उपाय साधे आहेत. गोणपाटाची जाड, कोरडी गादी. गुळगुळीत फरशीवर एखादे जुने सतरंजीचे पान. थोडे थोडे चालणे. आणि अंगावर चरबी चढू न देणे. सणाच्या दिवशी केकमधल्या मनुका, चॉकलेट, कांदा-लसणाचा रस्सा हे पदार्थ त्याच्या ताटात प्रेमाने पडतात. कुत्र्याला ते विषासमान आहेत, हे मुलांनाही सांगून ठेवावे.

गाठी, आणि तोल जाणे

म्हाताऱ्या कुत्र्याच्या अंगावर गाठी येतात. कातडीखाली हलणारी मऊ गाठ बहुधा चरबीची व निरुपद्रवी असते; परंतु बोटाने चाचपून कोणालाच खात्री देता येत नाही. सुईने थोडा अंश काढून तपासणे हाच मार्ग. कुत्रीच्या स्तनांतील गाठींपैकी सुमारे निम्म्या घातक असतात. म्हणून “वाढली तर पाहू” असे म्हणू नये. हरभऱ्याएवढी असतानाच ती काढणे सोपे असते.

गावात मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यांच्या जननेंद्रियातून महिनोन्‌महिने रक्ताचे थेंब पडत असलेले आपण पाहतो आणि लाजेने नजर वळवितो. मिलनातून एका कुत्र्याच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात जाणारे ते एक अर्बुद असते. नवलाची गोष्ट अशी की, ते अर्बुद असूनही बहुधा पूर्ण बरे होते. विन्क्रिस्टिन या औषधाची साधारणतः आठवड्यास एक याप्रमाणे काही इंजेक्शने पुरतात. केवळ कोणी सांगितले नाही म्हणून कितीतरी कुत्री त्या रोगाने झिजतात.

कधी असेही होते की, रात्री धडधाकट निजलेला कुत्रा सकाळी उठतो तो मान एका बाजूस कललेली, डोळ्यांची बुबुळे झरझर हलत आहेत, आणि तो एकाच अंगावर कोसळत आहे. घरात आकांत होतो. अर्धांगवायू झाला, आता काही खरे नाही, असे सर्वजण म्हणतात. परंतु म्हाताऱ्या कुत्र्यांत हा प्रकार पुष्कळदा आतल्या कानातील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा असतो. दोन-तीन दिवसांत उतार पडू लागतो आणि दोन आठवड्यांत तो बहुधा सावरतो; मान थोडी कललेली राहिली तरी त्याने अडत नाही. पशुवैद्याकडे न्यावेच, कारण कानातील पू किंवा मेंदूचा विकारही असा दिसू शकतो. पण पहिल्याच दिवशी आशा सोडू नये.

रात्रीचे भटकणे

आता मोत्या तेरा वर्षांचा झाला. दिवसभर झोपतो, रात्री उठून फेऱ्या घालतो. भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. दाराच्या बिजागरीच्या बाजूने बाहेर पडू पाहतो. घरच्याच मुलाला क्षणभर ओळखत नाही. मध्यरात्री कारणावाचून विव्हळतो. कोणी म्हणते, त्याला काहीतरी दिसते. कोणी म्हणते, अपशकुन आहे. तसे काही नाही. त्याची स्मृती उणावत आहे. १९०६ साली आलॉइस आल्झायमर या जर्मन डॉक्टरने माणसांतील ज्या स्मृतिनाशाचे वर्णन केले, त्या रोगात मेंदूत साचणारे अमिलॉइड नावाचे द्रव्य म्हाताऱ्या कुत्र्यांच्या मेंदूतही सापडते. घरातल्या वृद्ध आजीला भर दुपारी “सकाळ झाली का ग?” असे विचारताना आपण पाहिलेले असते, तिच्यावर आपण हात उगारत नाही. मग याच्यावर का?

मात्र प्रथम इतर कारणे दूर करावीत. दुखण्यामुळे, दिसेनासे झाल्यामुळे, वारंवार लघवीस लागल्यामुळेही कुत्रा रात्री बेचैन होतो. तसे काही नसेल तर ठरलेल्या वेळी अन्न, दिवसा थोडे हिंडणे, वस्तूंच्या जागा न बदलणे आणि रात्री एक मंद दिवा, एवढ्यानेही त्याची भीती कमी होते.

स्वभाव पालटला तर

येथे एक कठोर इशारा देणे भाग आहे. शांत कुत्रा एकाएकी चावरा झाला, किंवा चावरा कुत्रा कोपऱ्यात लपू लागला. आवाज घोगरा झाला, लाळ गळू लागली, जबडा लोंबला, मागचे पाय ओढू लागला, माती-लाकूड चावू लागला, तर “म्हातारपणाने चिडचिडा झाला,” असे समजून त्याच्याजवळ जाऊ नये. वेदनेने किंवा बहिरेपणाने दचकूनही कुत्रा चावतो, आणि मोठ्या जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्याचा आवाज स्वरयंत्र लुळे पडल्यानेही पालटतो, हे खरे. तथापि काही दिवसांतच असा बदल झाला असेल तर प्रथम रेबीजचाच विचार करावा. पिसाळलेला कुत्रा पाण्यास भितोच असे नाही. पाण्याची भीती हे माणसातील लक्षण आहे, म्हणून “पाणी पितो ना, मग पिसाळलेला नाही,” हा समज प्राणघातक ठरतो. तसेच घशात हाड अडकले असे समजून त्याच्या तोंडात हात घालू नये.

कुत्रा चावला, ओरखडला, किंवा त्याची लाळ जखमेवर लागली तर ती जागा साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. हळद, चुना, तिखट भरत बसू नये. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ मेस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचली, तेव्हापासून या मरणावर माणसाच्या हाती उपाय आहे. पण तो लक्षणे दिसण्यापूर्वी केला तरच. २०१३ साली सुरू झालेल्या ‘मिशन रेबीज’ने गोवा शासनाच्या सहकार्याने गावोगाव कुत्र्यांना लस टोचली, मुलांना शाळाशाळांतून शिकविले, आणि २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. कुत्र्यांचे लसीकरण केल्याने माणसे वाचतात, याचा हा आपल्या जवळचाच पुरावा आहे. म्हाताऱ्या कुत्र्यालाही दरवर्षीची लस चुकवू नये.

वहीचे एक पान

तालुक्याच्या दवाखान्यात पशुवैद्य विचारतात, “केव्हापासून?” आणि आपण उत्तर देतो, “झाले असतील थोडे दिवस.” एवढ्या उत्तरावर त्यांनी निदान तरी काय करावे? घरात किराण्याचा हिशेब लिहिण्याची वही असतेच. तिचे शेवटचे पान मोत्यासाठी राखावे. महिन्यातून एकदा वजन लिहावे. एकाने कुत्र्यास उचलून काट्यावर उभे राहावे आणि मग एकट्याने, म्हणजे वजाबाकीने कळते. काटा नसेल तर गळ्याचा पट्टा कोणत्या भोकात बसतो ते लिहावे. पाणी, भूक, झोपेतील श्वास, उलटी, लघवी, उठताना होणारा त्रास, यांत काही पालटले तर त्याची तारीख टाकावी. खोकल्याची उबळ किंवा झटका दवाखान्यात नेमका येत नाही. म्हणून घरातल्या मुलाने तो मोबाईलवर टिपून ठेवावा. शाळकरी मुलांकडे हे काम अवश्य सोपवावे. दुसऱ्याचे दुःख बारकाईने पाहण्याचे शिक्षण त्यांना यातून आपोआप मिळते.

अखेरचा प्रश्न

एवढे करूनही एक दिवस येतो. औषधाने वेदना थांबत नाहीत. तो खात नाही, उठत नाही, स्वतःच्याच घाणीत पडून राहतो. त्या वेळी काही घरांतून जे केले जाते ते सांगतानाही मन विषण्ण होते. म्हाताऱ्या कुत्र्यास पोत्यात घालून दूरच्या बाजारात किंवा घाटात सोडून येतात. “हत्येचे पाप नको,” असे म्हणतात. पण डोळ्यांनी अधू, पायांनी लंगड्या जीवाला अनोळखी जागी भुकेने मरावयास सोडणे ही दया कशी? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही, उपासमार होईल अशा रीतीने प्राण्यास टाकून देणे हा गुन्हा ठरविला आहे.

माणसासाठी दयामरण निषिद्ध असताना प्राण्यास ते देणे योग्य काय, असा प्रश्न श्रद्धाळू घरात साहजिकच निघतो. कॅथोलिक चर्चचा १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथ प्राण्यांना विनाकारण यातना देणे व विनाकारण मारणे या दोहोंचा निषेध करतो. त्याचबरोबर, माणसांच्या हालअपेष्टा दूर करण्यासाठी लागणारा पैसा प्राण्यांवर उधळणेही अनुचित मानतो. यातील ‘विनाकारण’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जेथे वेदना असह्य आहेत आणि उपाय सरले आहेत, तेथे पशुवैद्याने गाढ भूल देऊन शांतपणे त्याचा शेवट करणे विनाकारण म्हणता येणार नाही. प्राणी प्रथम झोपी जातो, मग काही क्षणांत श्वास थांबतो. त्या वेळी घरच्या माणसाने त्याच्या मस्तकावर हात ठेवून जवळ बसावे. एवढे तर त्याचे देणे आहेच. आणि ज्या घरात मुलाची फी व कुत्र्याचे औषध यांत एकाचीच निवड करावी लागते, त्या घराने मनास लावून घेऊ नये. शस्त्रक्रिया परवडली नाही तरी सावली, पाणी, मऊ अंथरूण आणि वेदना कमी करण्याचे साधे औषध, एवढे तरी बहुतेक घरांना देता येते.

पुन्हा ती दिवेलागणीची वेळ. धनी शेतावरून परत येत आहे. मोत्याला आता हाक ऐकू येत नाही, हे त्याला ठाऊक झालेले आहे. म्हणून पडवीपाशी येताच तो एक पाय जरा जोराने जमिनीवर आपटतो. कान बंद असले तरी मातीतून आलेला तो धक्का मोत्याच्या अंगाला कळतो. तो दचकत नाही. मान वर करतो, सावकाश उठतो आणि शेपटी हालवितो. बारा वर्षे धन्याचे पाऊल कुत्र्याने ओळखले. आता कुत्र्यासाठी पाऊल कसे टाकावे हे धन्याने शिकून घेतले आहे.